जामबोडीचं पाणी

आलापल्लीच्या अलीकडे, सागाचं रान दाटू लागतं तिथे, मी नातवाला जीप थांबवायला सांगितली. त्याची एटापल्लीच्या शाळेवर नेमणूक झाली होती आणि त्याचं बिऱ्हाड लावून द्यायला मी सोबत निघाले होते. दार उघडलं तसा वास आला. ओलं शेण, खुरांनी तुडवलेला चिखल, आणि त्याखाली कुठेतरी कुजत पडलेलं गवत. माझा हात आपोआप पदराकडे गेला आणि पदर नाकावर. नातू हसला. ढोरं राखणाऱ्या गायकीच्या घरची सून तू, म्हणाला, आणि या वयातही नाक धरतेस.

धरते. लोकांना म्हणे शेणाच्या वासाने गाव आठवतं, आई आठवते, डोळ्यांत पाणी येतं. मला ओकारी येते. मी त्याला म्हटलं, तू वरच्या टपरीवर चहा पिऊन ये, मी जरा खाली बोडीपर्यंत जाते. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं. काठाच्या बांधावर, पाळीवर, आता सिमेंट घातलेलं आहे, आणि पाणी तेच, हिरवट, काठाला शेणाचा तवंग धरलेलं. मी पाळीवर बसले.

माझा जन्म चांद्याचा, म्हणजे आताच्या चंद्रपूरचा. बाप कोळशाच्या खाणीत होता, आणि आमच्या चाळीत सगळ्याच गोष्टींवर काजळी असायची. वाळत घातलेल्या कपड्यांवर, भातावर, आईच्या भुवयांवर. संध्याकाळी बाप अंगणात आंघोळ करी आणि काळं पाणी नालीतून वाहत जाई. त्याची मला कधी घाण वाटली नाही. काळं ते काळं, धुतलं की जातं. शेगड्यांचा धूर, भिजलेल्या कोळशाचा वास, खाणीचा भोंगा, यांतच मी वाढले. ढोरं म्हणजे रस्त्यावर आडवी बसणारी जनावरं, एवढंच मला ठाऊक होतं. आमची जात गायक्यांची, पण आजोबांनंतर काठी कोणी हातात धरली नव्हती.

लग्न मात्र जातीतच व्हायचं. चामोर्शीच्या बाजूच्या एका धानाच्या गावात सोमाजी नावाचा गायकी होता. त्याच्या एकुलत्या एका मुलाला मला दिली. नवऱ्याचं नाव मी त्याच्या हयातीत कधी घेतलं नाही. आता घ्यायला हरकत नाही. सुखदेव.

सासू नव्हती. त्यामुळे पहिल्याच पहाटे गोठा माझ्या वाट्याला आला. शेण गरम असतं हे मला माहीत नव्हतं. दोन्ही हात घातले आणि ते कोपरापर्यंत कढत, जिवंत काहीतरी धरल्यासारखं लागलं, तशी मी किंचाळून बाहेर आले. सोमाजी, म्हणजे माझे मामाजी, ओट्यावर बिडी ओढत बसले होते. ते रागावले नाहीत. आत जाऊन त्यांनी स्वतः गोठा झाडला आणि हात धुऊन मला म्हणाले, होईन सवय. झाली नाही.

गावातली सगळी घरं उजाडताच आपापली ढोरं सोडत. ती वेशीजवळच्या मोकळ्या आखरावर गोळा होत आणि तिथून मामाजी आणि सुखदेव त्यांना रानात नेत. आखरावर शेणाचे पो इतके पडत की बाया टोपल्या घेऊन धावायच्या, एकमेकींच्या अंगावर पडायच्या, आणि जिच्या हाताला जास्त लागलं ती दिवसभर खुशीत असायची. मी टोपली घेऊन उभी राहायची आणि माझ्या टोपलीत दुसऱ्याच कोणीतरी कीव करून एक पो टाकायचं.

दिवाळीच्या पाडव्याला गायगोधन. आखराच्या मधोमध शेणाचा गोवर्धन घालतात, त्याला झेंडूची फुलं, धानाच्या लोंब्या. गायक्यांनी डफ घेऊन गायचं, ढोरांना मोरपिसं आणि गेरू लावायचा, आणि मग सगळा कळप त्या गोवर्धनावरून पळवायचा. खुरांनी तुडवून झालं की बाया आपली तान्ही लेकरं आणून क्षणभर त्या शेणात ठेवतात. अंगाला बळ येतं म्हणतात. लेकरं रडतात, बाया हसतात, डफ वाजत राहतो. मग त्याच शेणाचा टिळा सगळ्यांनी लावायचा, नव्या सुनेने आधी. एका म्हातारीने माझ्या कपाळावर अंगठा टेकवला. त्यातला एक ओघळ नाकाच्या शेंड्यावर आला आणि मी तिथेच, साऱ्या गावासमोर, ओकले. त्या दिवसापासून माझं नाव नाकवाली पडलं. लहानथोर सगळे त्याच नावाने हाक मारत, आणि मी ओ देत असे.

शिमगा झाला की गावाजवळचा चारा संपायचा. तळी आटायची, बांध्यांमधली धानाची खुंटं दगडासारखी व्हायची. मग भाकड गाया, तरणे गोऱ्हे, आणि मालकाची सगळी ढोरं घेऊन गायकी आलापल्लीकडच्या रानात जात. मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, गेली होती, पण जुन्या मालगुजाराला गाव मालकच म्हणत असे, आणि निम्मा कळप त्याचाच होता. पहिला पाऊस पडेपर्यंत रानातच राहायचं. त्या वर्षी रांधायला मला नेलं.

ती वाट मला अजून दिसते. पुढे मामाजी, खांद्यावर घोंगडं, मागे धुळीचा एक लांबच लांब लोळ, आणि त्या लोळात कुठेतरी मी, डोक्यावर भांड्यांचं गाठोडं आणि नाकावर पदर. गळ्यांतल्या लाकडी घंटांचा, टापरांचा, आवाज चालताना खळखळ होई, थांबल्यावर एकेक टापर वेगळं ऐकू येई. मामाजी ती स्वतः कोरत. प्रत्येक ढोराचा आवाज त्यांना ओळखू येत असे, आणि अंधारून आलं की ते कळप मोजत नसत, डोळे मिटून ऐकत. मोहाची फुलं पहाटे पडायची. टपटप, टपटप, साऱ्या रानभर. गोड, आंबलेला असा त्यांचा वास. ढोरं ती खात आणि सुस्तावून उन्हात उभी राहत, ओठांतून तार गळत असे.

हे सुंदर होतं असं आता कोणी म्हणेल. मीही म्हणाले असते, पण मला दुसरंही आठवतं. सुखदेव बैलांच्या कानांतले गोचीड उपटून दगडावर नखाने फोडायचा, आणि त्याच हातांनी भाकर मोडायचा. एका गोऱ्ह्याच्या वशिंडाला जखम होऊन अळ्या पडल्या. मामाजींनी सीताफळाचा पाला ठेचून जखमेत भरला, तशा त्या वळवळत एकामागून एक खाली पडू लागल्या, माझ्या चुलीपासून हातभर अंतरावर. ताकात केस असायचे. नाल्याच्या डोहात ढोरं पाणी पीत, तिथेच मुतत, आणि बाप-लेक ओंजळीने तेच पाणी पीत. मी पीत नसे. म्हणून रोज दुपारी मी घागर घेऊन रानातून चालत जामबोडीला यायची.

जामबोडी हे गोंडांचं वाडीएवढं लहान गाव, दोन टेकड्यांच्या कुशीत. उन्हाळ्यात त्यांच्यापाशी ही एकच बोडी, आणि पिण्यासाठी तिच्या काठाला खणलेला झरा. आमचा कळप नाल्याच्या पलीकडे चरे आणि बोडीवर येत नसे. हे मामाजींनी आणि गावाने फार पूर्वी आपसांत ठरवून टाकलं होतं. बदल्यात आम्ही त्यांना तूप देत असू आणि ते आमच्या मुक्कामाकडे वाघ फिरकला की ढोल बडवून कळवत.

तिथे मला जैनी भेटली. माझ्याच वयाची, कपाळावर आणि पायांवर गोंदण, कडेवर एक पोर. तिला आमची भाषा तोडकीमोडकी येई, मला गोंडी मुळीच नाही. पण हसायला भाषा लागत नव्हती. मी नाक धरून बोडीच्या कोरड्या काठावरून कशी चालते याची ती नक्कल करी, आणि तिचं पोरही आपलं नाक धरी. एके दिवशी तिने मला तिखाडीच्या गवताची जुडी आणून दिली. चुरगाळलं की लिंबासारखा वास येई. ती मी पदराच्या टोकाला बांधून ठेवली. तिची एक काळी गाय होती, एक शिंग खाली वळलेली. जैनी तिच्या कानात काहीतरी गुणगुणायची आणि गाय मान तिच्या खांद्यावर टाकून उभी राहायची. लाळ जैनीच्या लुगड्यावर गळे. ती पुसतही नसे. मला ते पाहवत नसे, आणि तरी मी रोज पाहत असे.

सुखदेवही मला त्या दिवसांत आवडत होता, हे सांगितलं पाहिजे. तो गळा काढून गायचा. पळसाच्या पानांचा पंखा करून मी रांधत असताना वारा घालायचा. त्याला ढोरांचा कंटाळा माझ्याहून जास्त होता. हे एक साल, म्हणायचा, मग शहरात जाऊ. तुले विटाची खोली घेऊन देतो. मी हसत असे. मलाही विटांची खोली हवी होती.

एके सकाळी चांदणी नावाची पांढरी गाय उठली नाही. तिच्या डोळ्यांतून घट्ट पाणी येत होतं, नाकातून शेंबूड, आणि तोंडातून लाळेच्या दोऱ्या जमिनीपर्यंत. मामाजींनी तिचं तोंड उघडलं. हिरड्यांवर कोंडा शिंपडल्यासारखे पांढरे डाग होते, आणि वास असा आला की मी दूर उभी असूनही मागे सरले. शेणाच्या वासाला मी घाण म्हणत होते. खरी घाण कशी असते ते मला तेव्हा कळलं. मामाजी तिथेच मातीत बसले. मग म्हणाले, "बुळकांडी हाय." एका ढोरावरून साऱ्या कळपाला लागणारा, गोठेच्या गोठे रिकामे करणारा रोग.

दुपारपर्यंत आणखी ढोरं खाली बसली. मागून रक्तमिसळ पाणी जात होतं. मामाजींनी आजारी ढोरं एका बाजूला काढली, आणि सुखदेवला बजावलं की आता एकही ढोर नाल्याच्या अलीकडे जाता कामा नये. उद्या उजाडताच जामबोडीला निरोप धाडायचा होता.

त्याच संध्याकाळी मालकाचे दिवाणजी सायकलवरून आले. मालकाचा निरोप होता की सिरोंच्याकडच्या बाजारात बैलांना गिऱ्हाईक चांगलं आहे, धडधाकट ढोरं तिकडे न्या. त्यांनी पडलेली ढोरं पाहिली आणि खिशातून रुमाल काढून नाकावर धरला. मला बरं वाटलं. माझ्यासारखं नाक असलेलं कोणी आलं, असं वाटलं.

ते बोलू लागले तेव्हा रुमाल तसाच होता. म्हणाले, जी चालतात ती आज ना उद्या पडतीलच, तर ती पडण्याआधी विकली गेली पाहिजेत. तोंडं मिठाच्या पाण्याने धुवा, शिंगांना तेल लावा, बाजारात कोणाला कळत नाही. मामाजी म्हणाले, बाजाराची वाट जामबोडीवरून जाते, आणि ढोरांना पाणी तिथेच पाजावं लागतं. दिवाणजी म्हणाले, मग?

"त्याइची ढोरं मरतीन."

"मालकाची मरून राह्यली, त्याचं काय?"

मामाजींनी काठी जमिनीवर आडवी ठेवली. आमच्यात त्याचा अर्थ, मी हा कळप हाकणार नाही. दिवाणजींनी काठीकडे पाहिलं आणि मग सुखदेवकडे. मालकाने चांद्याला भाताची गिरणी घेतली होती. तिथे भरवशाचा माणूस हवा होता, राहायला मागेच पक्की खोली. हे सगळं ते अगदी सहज बोलले, जणू त्याचा ढोरांशी संबंध नव्हता. सुखदेव माझ्याकडे पाहू लागला. मी चुलीतली लाकडं सारली.

उजाडलं तेव्हा कळपाची जागा रिकामी होती. पडलेली ढोरं तेवढी कण्हत होती. सुखदेवने जाताना टापरांमध्ये गवत कोंबलं होतं, म्हणून आम्हाला जाग आली नव्हती. मामाजी चांदणीचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. हात रोगाच्या लाळेने भरलेले, तो रोग गावात न्यायला नको म्हणून ते जाऊ शकत नव्हते.

"धाव पोरी," ते म्हणाले. "आडवाटेनं जा. त्याइले सांग, आपली ढोरं डोंगरावर न्या म्हणा."

मी धावले. काटे लागले, लुगडं फाटलं, तिखाडीची जुडी कुठे पडली कळलं नाही. टेकडी उतरले आणि बोडी दिसली. उशीर झाला होता. आमची ढोरं पोटापर्यंत पाण्यात उभी होती, तेल लावलेली शिंगं उन्हात चमकत होती. जामबोडीची ढोरं नेहमीच्या वेळी सुटून त्यांच्यात मिसळली होती. गावातली माणसं पाहुणचार करत होती. सोमाजीचा मुलगा आला म्हणून कोणी आंबील आणली होती. दिवाणजी जांभळीच्या सावलीत सायकल टेकवून उभे होते. रुमाल खिशात होता.

मी जैनीला गाठलं. ढोरं बिमार हायेत, म्हटलं, तुमची बाहेर काढा, डोंगरावर न्या, माझ्या सासऱ्याने सांगितलंय. मोठ्याने म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. माणसं थांबली. जैनीने माझ्याकडे पाहिलं, मग सुखदेवकडे.

तो हसला. तेच हसू, पंखा घालतानाचं.

"तिले ढोराची किळस हाय," तो म्हणाला. "तिच्या नाकाले सारीच ढोरं बिमार वाटते."

पहिला हसला तो एक म्हातारा. मग सगळे. जैनीच्या पोराने नाक धरून दाखवलं, तशी जैनीही हसली. माझी थट्टा त्या गावात सगळ्यांना पाठ होती. माझ्या शब्दाला तिथे जी काही किंमत होती, ती त्याने एका वाक्यात घालवली, इतकी सहज, इतक्या गोडीने.

मी पाण्यात शिरले. शेणाच्या, मुताच्या त्या पाण्यात, मांडीपर्यंत. जैनीच्या काळ्या गाईच्या गळ्याला दोन्ही हातांनी मिठी घालून मी तिला ओढू लागले. आयुष्यात पहिल्यांदा मी आपण होऊन एखाद्या ढोराला हात लावला होता. ती हलेना. तिच्या शेजारी आमचा एक बैल पाणी पीत होता आणि त्याच्या नाकातून एक तार पाण्यात लोंबत होती. जैनी माझ्यामागून आली आणि तिने माझी बोटं हळूच, एकेक करून, सोडवली.

"राहू दे बाई. तिले तहान लागली हाय."

पुढे काय झालं ते मला क्रमाने आठवत नाही. वास आठवतो. आमची पडलेली ढोरं आधी मेली. मग काही दिवस शांत गेले, आणि मग जामबोडीच्या गोठ्यांमधून तोच वास येऊ लागला. मामाजी दारोदार गेले, तोंडं धुतली, धुनी घातली, खड्डे खणले. खड्डे पुरेनात. गिधाडं आली. आता गिधाडं कुठे दिसत नाहीत, नातवाने तर पाहिलेलीच नाहीत. तेव्हा ती इतकी खात की त्यांना उडता येत नसे. पंख पसरून, मान खाली घालून ती बोडीच्या काठाने जडपणे चालत, आणि वाट अडवली तर फुत्कारत. रात्रंदिवस माश्यांचा एकच आवाज असे. भातावर बसलेली माशी कुठून आली आहे हे मला ठाऊक असे. मी जेवायचं सोडलं.

जैनीची काळी गाय शेवटच्यांपैकी एक. जैनी लुगड्याच्या पदराने तिचं तोंड पुसत होती, पुन्हा पुन्हा. मी जवळ जाऊन बसले तर ती पाठ वळवून बसली. मला वाटलं, दुःखाने. गावातल्या इतर बायाही मला पाहून घागरी उचलून निघून जात. त्यालाही मी दुःखच समजले.

मग सुखदेव आला. बाजार झाला होता, ढोरं कोणाकोणाच्या गावांना गेली होती. कुठल्या गावांना ते मी विचारलं नाही, त्यालाही माहीत नसावं. त्याने डोक्याला सुगंधी तेल लावलं होतं आणि अंगाला गुलाबी साबणाचा वास येत होता. माझ्यासाठी तसाच एक साबण आणि हिरव्या बांगड्या आणल्या होत्या. आजूबाजूला मेलेली ढोरं, आणि त्यात हा गुलाबाचा वास घेऊन उभा.

"तुझ्यासाठीच केलं मी," तो म्हणाला.

मी मोहाच्या झाडाआड जाऊन ओकले. पोटात काही नव्हतं, नुसतं कडू पाणी. तो मागून आला, पाठीवरून हात फिरवू लागला, आणि त्याचा चेहरा आनंदाने उजळला. त्याला वाटलं, मला दिवस गेले. तसं नव्हतं.

आम्ही चांद्याला गेलो. गिरणीमागे खोली होती, खाली विटा, भिंतींना चुना. शेण कुठेच नाही. सुखदेव रोज सकाळ-संध्याकाळ साबण लावून आंघोळ करी आणि खोलीभर तो वास भरून राही. मी दार उघडत असे, तो लावून घेत असे. लेकरं झाली. ती कशी झाली याचं आता मलाच नवल वाटतं. त्याने मला कधी मारलं नाही, कधी वाईट बोलला नाही, सणाला लुगडं चुकवलं नाही. शेजारणी म्हणत, नशीबवान आहेस. मी मान हलवी. त्याचं उष्टं ताट उचलताना मी बोटांच्या शेंड्यांनी उचलत असे, आणि मग राख घेऊन हात घासत असे, कातडं लाल होईपर्यंत. हे त्याने कधी पाहिलं नसेल असं मला वाटत नाही. एकदाच, म्हातारपणी, आजारी असताना म्हणाला, तुले माही किळस येते ना. मी म्हटलं, औषध घ्या. त्याने घेतलं. एवढंच आमचं त्या गोष्टीवर बोलणं झालं.

मामाजी आमच्यासोबत आलेच नाहीत. गावीही गेले नाहीत. जामबोडीत पाऊस पडला तेव्हा नांगराला बैल नव्हता. माणसांनी स्वतःला जुंपलं. मामाजींनी एक खांदा दिला, असं मला बाजाराला आलेल्या एका माणसाने सांगितलं. पुढे एकदा ते चांद्याला आले. गिरणीच्या खोलीत पाऊल टाकलं नाही, बाहेर पायरीवर बसले. सदरा खांद्यावरून सरकला तेव्हा जू घासून झालेला घट्टा दिसला, मध्ये फुटलेला, पाणी येत असलेला. त्याला वास येत होता. मी हळद-तेल लावलं. पदर नाकाशी नेला नाही. सुखदेव आतून बाहेर आला नाही. मामाजींनी नातवंडांच्या डोक्यांवरून हात फिरवला, भाकर बांधून घेतली आणि उठले. त्यांचं शेवटचं जामबोडीतच झालं. तिथल्या लोकांनी त्यांना आपल्या पद्धतीने माती दिली. आम्हाला कळलं तेव्हा महिना उलटून गेला होता.

पाळीवर बसून हे सगळं डोक्यातून जात होतं, तेवढ्यात मोटारसायकलचा आवाज आला. झाडीतून ढोरं बाहेर पडली आणि त्यांच्यामागून एक तरणा मुलगा, डोक्यावर सिनेमातल्यासारखी रुंद काठाची टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा. काठी नव्हती. हॉर्न वाजवला की ढोरं वळत होती. हँडलला अडकवलेल्या मोबाईलवर गाणं लागलं होतं. सायलेन्सरचा धूर शेणाच्या वासात मिसळला. आता असंच हाकतात म्हणे. ढोरं पाण्यात शिरली. मुलाने गाडी लावली, मला पाहिलं, आणि टोपी काढून बाटली पुढे केली. पाणी पी आजी, म्हणाला, बोडीचं नाई, हापशीचं हाय. चांगला मुलगा होता. मी प्यायले.

कोणाचा तू, विचारलं. त्याने बापाचं नाव सांगितलं, मला ते ओळखीचं नव्हतं. मग म्हणाला, माही आजी जैनी. मागच्या उन्हाळ्यात गेली.

मी बाटली खाली ठेवली. कसं विचारावं कळेना, म्हणून म्हटलं, इथे पूर्वी फार ढोरं होती म्हणतात. होती ना, तो म्हणाला, आणि बसून सांगू लागला. आजीने सांगितलेलं होतं, तो रंगून सांगत होता. एक गायकी यायचा, देवमाणूस. त्याचा मुलगाही चांगला. पण सून शहरातली आणलेली, तिची जीभ काळी. ती याच पाळीवर आली आणि साऱ्यांची ढोरं धडधाकट असताना म्हणाली, बिमार हायेत. मग पाण्यात उतरून आमच्या काळ्या गाईच्या गळ्याला हात घातला. नवरा म्हणत होता, तिच्याकडे लक्ष देऊ नका. आजीने हात सोडवला, पण लागायचं ते लागून गेलं होतं. एक खूर उरला नाही. म्हातारा रोग होता म्हणायचा, पण ते सुनेला झाकायला; तिचं पाप फेडायला तो इथेच राहिला, नांगर ओढून मेला. अजूनही आमच्यात अनोळखी बाईचा हात ढोराला लागू देत नाहीत.

तो हे माझ्याकडे बघत, हसत सांगत होता. म्हातारीला गोष्ट सांगावी तसा.

जैनीने सांगितलं होतं. इतकी वर्षं, चुलीपाशी, पोरांना, नातवंडांना. आणि सुखदेव त्या गोष्टीत चांगला होता. माझ्या घशाशी जे आलं ते ओकारी होती की हसू, मला सांगता येणार नाही.

"ती बाई मीच," मी म्हटलं.

त्याचं हसू लगेच गेलं नाही. आधी चष्मा काढला. माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे. मी बिमारीचं, दिवाणजीचं, सगळं सांगणार होते, तोंड उघडलंही होतं. पण तो उठला होता. बाटली तिथेच राहू दिली. गाडी चालू करून त्याने हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला. ढोरं अर्धवट पाणी पिऊन धडपडत बाहेर पडली, एकमेकांवर आदळत, चिखल उडवत. त्याने त्यांना पाळीवरून पलीकडे, टेकडीच्या चढणीला लावलं. गाणं अजून चालूच होतं.

एक वासरू मागे राहिलं. तांबडं, ओलं, नुकतं पाय फुटल्यासारखं. ते पाळीवर चढलं आणि नाक पुढे करून माझ्याकडे येऊ लागलं. वरून मुलाने पाहिलं. गाडी टाकून तो पळत खाली येऊ लागला, पाय घसरत होते, टोपी पडली तरी थांबला नाही. तो पोहोचेपर्यंत वासरू माझ्या गुडघ्याशी आलं होतं. त्याच्या तोंडाला दुधाचा वास होता. त्याला माझा हात लागू नये म्हणून मी दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले.